उंचीचं स्केल

समुद्र मी पाहिलेला नाही. केशरनंही पाहिला नव्हता. आमच्या अख्ख्या वस्तीत समुद्र पाहिलेलं एकही माणूस नव्हतं, आणि जहाज बांधायचं ठरलं ते याच वस्तीत. समुद्रकाठच्या लोकांनी जहाज बांधलं तर त्यात सांगण्यासारखं काही नसतं. अमरावतीत बांधलं की सांगावं लागतं.

मी रस्त्यांच्या खात्यात ट्रेसर होतो. इंजिनियरनं पेन्सिलीनं काढलेला नकाशा कापडावर शाईनं उतरवायचा, हे ट्रेसरचं काम. बावीस वर्षं मी ते केलं. तिवशाकडचा रस्ता, परतवाड्याकडचा रस्ता, मधले पूल आणि मोऱ्या, सगळं माझ्या हाताखालून गेलं आहे. माझ्या नकाशावर कधी शाईचा डाग पडला नाही आणि माप कधी चुकलं नाही. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. पुढे जे झालं ते नीट कळावं म्हणून आधीच सांगून ठेवतो.

जहाजाची कल्पना केशरची, म्हणजे माझ्या बायकोची. विहारात एकदा भंतेजींनी सांगितलं की, सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन जहाजानं सिंहलद्वीपाला गेली. केशर घरी आली ती तेच घेऊन. "वैशाख पौर्णिमेच्या मिरवणुकीत जहाज पाह्यजे," ती म्हणाली. "तुमी सरकारचे एवढे नकाशे काढता, आपल्या विहारासाठी एक जहाज नाई होत का तुमच्यानं?"

मी म्हणालो, पुढच्या वर्षी करू.

असं मी तीन वर्षं म्हणालो. तिसऱ्या वर्षी तिनं आमच्या न्हाणीच्या भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप मुळासकट काढलं आणि डालड्याच्या डब्यात लावलं. "जहाज होईल तवा होईल," ती म्हणाली. "फांदी तयार असू द्या." त्या कार्तिकात तिला ताप आला आणि नवव्या दिवशी ती गेली. त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही.

तिच्यामागे त्या डब्याला पाणी घालायचं मला सुचलं नाही. तरी माघात पाहिलं तर रोपाला दोन नवी पानं आली होती. मी त्या दिवशी विहाराच्या मंडळाकडे गेलो आणि यंदा जहाज मी करतो म्हणून सांगितलं.

याचा एक फायदा लगेच झाला. तोपर्यंत शेजारीपाजारी मला दुसऱ्याच गोष्टींबद्दल सल्ला देत होते. एकट्यानं राहू नका, बहिणीकडे जा, दोन वेळा जेवत जा, मूग खा, पायाला तेल लावा. शेजारच्या चतुराबाईंनी तर माझ्या चुलीची जागाच बदलून टाकली. जहाजाची बातमी लागली आणि सगळा सल्ला जहाजाकडे वळला. मला बरं वाटलं.

खुशालराव समोर राहत. त्यांची जवळच शेती होती आणि बैलांची बंडी होती. मिरवणुकीला बंडी देतो असं त्यांनी आपण होऊन सांगितलं. ते विहारात जाणारे नव्हते, त्यामुळे त्यावरून त्यांच्या भावकीत कुरकुर झाली. "बंडी माही हाये," एवढंच ते म्हणाले. जहाजाबद्दल मात्र ते जरा जास्त बोलले. त्यांचं म्हणणं, जहाज म्हणजे चाकं काढलेली बंडीच. "खालून पानी आन् वरून मानसं. त्याच्यात मोजाले काय हाये, देवमनराव?"

मी म्हणालो, "मोजल्याशिवाय मी काही करत नाही."

"मंग तुमचं जहाज पुढच्या सालीच निंगते," चतुराबाई ओट्यावरून म्हणाल्या. त्यांनी हे सहज म्हटलं होतं. मी मात्र आत निघून गेलो.

मापं आणायची कुठून, हा प्रश्न होता. अकोल्याला केशरचा भाऊ धर्मपाल असे. छप्पन साली त्यानं आपलं जुनं नाव बदललं आणि तेव्हापासून कुणी जुन्या नावानं हाक मारली तर तो वळून पाहत नाही. आता तो तेलाच्या गिरणीत होता, पण त्याआधी दोन वर्षं मुंबईला गोदीत गलबतांना रंग देण्याच्या कामावर होता. आमच्या नात्यागोत्यात जहाजाबद्दल बोलायचा अधिकार त्याचाच. एका रविवारी मी कागद, पेन्सिल आणि टेप घेऊन अकोल्याला गेलो.

टेप कशाला नेला ते मला आजही सांगता येणार नाही.

"लांबी सांग," मी म्हणालो.

धर्मपालनं डोळे मिटले. "शिडी चाळीसदा सरकवली होती, भाऊजी. दरवक्ती दोन फूट."

म्हणजे ऐंशी फूट. मी लिहून घेतलं.

"उंची?"

"मधात शिडीच्या बारा पायऱ्या. मांगं उंच असते, तिथी वीस. पायरीमांगं एक फूट धरा."

बारा फूट आणि वीस फूट. मधल्या डोलकाठीचं म्हणाल तर तशा तीन शिड्या एकावर एक, म्हणजे साठ फूट. माणूस किती विश्वासानं माप देतो आहे हे पाहून मला समाधान वाटलं. असा माणूस मला आमच्या कचेरीतही फार भेटला नाही.

"आणि रुंदी?"

धर्मपालनं डोळे उघडले. मग म्हणाला, "रुंदी मी नाई पाह्यली."

"दोन वर्षं होतास ना तिथे?"

"मी बाजूनं होतो, भाऊजी. शिडीवर. समोरून जहाज पाहाचं काम दुसऱ्याकडं होतं."

जहाजाची दुसरी बाजूही त्यानं पाहिली नव्हती. ती समुद्राकडे असे. आम्ही दोघांनी विचार करून रुंदी लांबीचा चौथा हिस्सा धरली, वीस फूट. निघताना धर्मपाल बसपर्यंत आला. "बाईनं मले पत्र लिवून घातलं होतं," तो म्हणाला. आपल्या बहिणीला तो बाई म्हणत असे. "जहाज कसं असते म्हणून इचारलं होतं. मी उत्तर नाई देल्लं."

घरी येऊन मी हिशेब मांडला. बंडी आठ फुटांची. जहाज ऐंशी फुटांचं. म्हणजे दहास एक. लांबी आठ फूट, रुंदी दोन फूट, डोलकाठी सहा फूट. आयुष्यात एवढं सरळ स्केल मला कधी मिळालं नव्हतं.

मंडळाला संघमित्रेची मूर्तीही हवी होती. कुंभाराला उंची सांगायची होती. बाईमाणसाच्या उंचीचा दहावा हिस्सा काढायचा, तर आधी बाईमाणसाची उंची पाहिजे. मी केशरची धरायची ठरवलं. आणि माझ्या लक्षात आलं की ती मला माहीत नाही. तिवशाच्या रस्त्यावरच्या प्रत्येक मोरीची लांबी-रुंदी मी झोपेतून उठवलं तरी सांगितली असती. अठरा वर्षं जी बाई माझ्यासमोर उभी राहून ताट वाढत होती, तिची उंची मी कधी पाहिली नव्हती. साधारण पाच फूट धरली. मूर्ती सहा इंच. कुंभारानं सहा इंच केली.

झाडाचं तेवढं अडलं. केशरचं रोप डब्यासकट दोन फूट होतं. दहास एक धरलं तर ते वीस फुटांचं झाड झालं. संघमित्रा एवढं झाड घेऊन कशी जाईल? मी हे मोठ्यानं बोललो असेन, कारण भिंतीपलीकडून चतुराबाई म्हणाल्या, "झाडाले हात लावला तर पाहा, भाऊ. तुमच्या हिशेबासाठी केशरचं झाड छाटाचं नाई."

मी छाटणार नव्हतो. उलट मला ते पटलं होतं. मधल्या भागात जहाजाची उंची सव्वा फुटाच्या आतच येत होती. डबा आत ठेवला की रोपाचा शेंडा काठावर नऊ-साडेनऊ इंच दिसला असता. फांदी स्केलमध्ये नसली तरी लोकांना दिसेल. केशरला एवढंच हवं होतं.

परवानगीच्या कचेरीत मी तीनदा गेलो. अर्जावर वाहनाचा प्रकार लिहायचा होता. मी लिहिलं, जहाज. तिथल्या कारकुनानं ते वाचलं, चष्मा काढला आणि पुन्हा वाचलं. "जहाजाची नोंदणी बंदरात होते," तो म्हणाला. "इथी बंदर नाई." मी म्हणालो, ते लाकडाचं आहे, बंडीवर राहील. तो म्हणाला, मग वाहन बंडी, जहाज नव्हे. मी म्हणालो, मग जहाज कुठे लिहू? दोन दिवस विचार करून त्यांनीच मार्ग काढला. माझ्या अर्जावर लिहिलं गेलं, 'बैलगाडीवरील लाकडी सामान'. केशरच्या जहाजाची सरकारी कागदावर तेवढीच नोंद आहे. पुढच्या रकान्यात विजेच्या तारांसाठी उंची विचारली होती. बंडी तीन फूट, डोलकाठी सहा, एकूण नऊ. मी नऊ लिहून सही केली.

आता नकाशा. तो मी कचेरीतलंच जुनं फूट-इंचाचं स्केल घेऊन काढला. नवे मीटरचे टेप त्या वर्षी येऊन पडले होते, पण पुडकी कुणी फोडली नव्हती. एक रविवार पूर्ण बसलो. केशर गेल्यापासून पहिल्यांदा माझा हात शांत चालला. इंचाला फूट धरून कापायचं असं मी समासात लिहिलं, खाली सही केली आणि नकाशा शालिकराम सुताराकडे दिला. त्याचं अंगण गावाच्या दुसऱ्या टोकाला.

पंधरा दिवसांनी शालिकराम घरी आला. बराच वेळ दारात उभा राहिला.

"साहेब," तो म्हणाला, "हे डोंगा हाये का धान्याची कोठी?"

"का?"

"लय उच्च होऊन राह्यलं."

माझा अपमान झाला. बावीस वर्षांत माझ्या नकाशाला इंजिनियरनं असं विचारलं नव्हतं. "तू जहाज पाहिलं आहेस का?" मी विचारलं.

"नाई."

"मग नकाशात आहे तसं कर. सही माझी आहे."

"करतो," तो म्हणाला आणि गेला. मी एकदा त्याच्या अंगणात जाऊन आलो, पण तेव्हा सांगाडा कुशीवर पडलेला होता आणि कुशीवर पडलेली वस्तू उंच आहे की रुंद हे कळत नाही. शिवाय चूक ओळखायला कुणीतरी बरोबर पाहिलेलं असावं लागतं. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी जहाज विहाराच्या आवारात आलं, तर वस्तीतली सगळी माणसं भोवती उभी राहिली आणि कुणालाही त्यात काही गैर दिसलं नाही. जहाज मोठंच असतं, असं प्रत्येकाचं मत होतं. धर्मपाल अकोल्याहून आला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो जहाजाच्या अगदी जवळ गेला, खाली बसला आणि मान वर करून पाहिलं.

"असंच दिसते, भाऊजी," तो म्हणाला. "बरोबर असंच."

त्यानं दोन वर्षं ते शिडीच्या पायथ्याहून पाहिलं होतं.

पौर्णिमेच्या सकाळी खुशालरावांनी बैलांची शिंगं धुऊन आणली. जहाज बंडीवर चढवलं, दोरानं बांधलं. तळाला गवत घालून मूर्ती ठेवली. मग मी केशरचा डबा घरून आणला आणि काठावरून आत सोडला.

तो दिसेनासा झाला.

लोकांनी माना उंचावल्या. मग चतुराबाई पुढे आल्या, चाकावर पाय देऊन काठावरून पाहिलं, आणि म्हणाल्या, "भाऊ, केशरचं झाड कुठी गेलं?"

मी खिशातला टेप काढला. मधली उंची तीन फूट. पाहिजे होती सव्वा फुटाच्या आत. मागची पाच फूट, पाहिजे होती दोन. डोलकाठी अजून जमिनीवर पडली होती, ती मोजली. पंधरा फूट.

मला तिथेच कळलं. इतर कुणाला सांगून कळलं नसतं, म्हणून तेव्हा मी बोललो नाही. आमचं वऱ्हाड सपाट आहे. रस्त्याचा छेद, म्हणजे बाजूनं दिसणारं चित्र, काढताना लांबीला आणि उंचीला एकच स्केल लावलं, तर अमरावतीहून परतवाड्यापर्यंतचा रस्ता कागदावर सरळ रेघ दिसतो. चढ दिसत नाही, उतार दिसत नाही. इंजिनियर विचारतो, यात मी काय पाहू? म्हणून आम्ही लांबीला एक स्केल घेतो आणि उंचीला दुसरं, मोठं. चढ मोठा करूनच दाखवायचा असतो. बावीस वर्षं माझ्या हातानं तेच केलं, आणि त्या रविवारी हात शांत चालला तो त्याच सवयीनं चालला. लांबीला इंचास दहा फूट, उंचीला इंचास चार. जहाजाचा मी रस्ता केला होता.

"हे असं का झालं?" मंडळातल्या कुणीतरी विचारलं.

"मोजायला चुकलो," मी म्हणालो. हे वाक्य मी पूर्वी कधी बोललो नव्हतो.

तेवढ्यात परवानगीचा कागद पाहायला शिपाई आला. त्यानं कागदावर नऊ फूट वाचलं आणि डोलकाठीकडे पाहिलं. शालिकरामनं मला काही न विचारता करवत काढली आणि सहा फुटांवर काठी कापली. पाच फुटांच्या मागच्या भागासमोर सहा फुटांची काठी खुंटीसारखी दिसू लागली. चतुराबाईंनी डब्याखाली विटा ठेवायला सांगितल्या. आठ विटा दोन-दोनच्या थरांनी रचल्या, वर डबा ठेवला, तेव्हा शेंडा जेमतेम काठाला आला. तीन पानं दिसत होती, तीही एकाच बाजूनं.

मिरवणूक निघाली. मी बंडीच्या मागे चालत होतो. रस्ता सपाट असेतोवर जहाज चाललं. पण दोन फूट रुंद आणि पाच फूट उंच वस्तू किती वेळ उभी राहील याचा हिशेब मी मनात करत होतो आणि उत्तर मला आवडत नव्हतं. पुढे मोरी होती. तिचा छेद मीच शाईनं काढला होता. कागदावर तो चांगला डोंगर होता. प्रत्यक्षात चढ नऊ इंच.

"खुशालराव, हळू घ्या," मी म्हणालो.

"नऊ इंच तं हाये," ते म्हणाले. त्यांनाही माप माहीत होतं, कारण त्यांची बंडी रोज तिथूनच जाते.

डावं चाक चढलं, उजवं चढायचं होतं. दोर करकरला. जहाज हळूच कलंडलं, जणू कुणी त्याला झोपायला सांगितलं होतं, आणि बंडीवरून मोरीच्या कठड्यावर आडवं झालं. कुणाला लागलं नाही. बैलांनी मागे वळूनही पाहिलं नाही. मूर्ती गवतात होती, तिचं काही बिघडलं नाही. विटा घरंगळत मोरीखाली गेल्या. डबा रस्त्यावर पडला.

मी तिथेच उभा राहिलो. केशरनं तीन वर्षं मागितलं आणि चौथ्या वर्षी मी तिला हे दिलं.

डबा चतुराबाईंनी उचलला. सांडलेली माती हातानं गोळा करून आत भरली, पदरानं पानं पुसली आणि डबा डोक्यावर घेतला, पाण्याची घागर घेतात तसा. बंडीच्या पुढे जाऊन त्या चालू लागल्या. बायका त्यांच्यामागे झाल्या. लांबून, गल्लीच्या टोकावरून, ओट्यांवरून, सगळ्यांना एक बाई झाड घेऊन जाताना दिसली.

"आता बरं दिसून राह्यलं," खुशालराव म्हणाले. त्यांची रिकामी बंडी मागून शेवटपर्यंत आली.

जहाज मंडळानं दोन दिवसांनी शालिकरामकडे परत नेलं. ते उभं करून त्यानं खरंच त्याची कोठी केली. आजही तिच्यात ज्वारी असते असं ऐकतो. मी पाहायला गेलो नाही. नकाशा माझ्याकडे आहे. कोपऱ्यात स्केल लिहायचं राहून गेलं होतं. ते मी नंतर लिहिलं, दोन्ही.

रोप विहाराच्या मागे लावलं. लावायच्या दिवशी चतुराबाई पाणी घेऊन आल्या होत्या. खड्डा भरून झाल्यावर मी त्यांना विचारलं, "केशर केवढी होती हो?"

"केवढी म्हंजे?"

"उंचीनं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता हसतील असं मला वाटलं, पण त्या हसल्या नाहीत. जवळ आल्या आणि माझ्या शर्टाच्या दुसऱ्या बटनासमोर आडवा हात धरला. "इथपर्यंत," त्या म्हणाल्या. "तुमी दोघं विहारात उभे राहा तवा तिचं डोकं इथी लागे. तुमाले नाई मालूम?"

मी टेप काढला. एक टोक पायाखाली दाबलं आणि दुसरं बटनापर्यंत आणलं. चार फूट नऊ इंच. त्याचा दहावा हिस्सा पाच इंच सात दशांश.

इंचाला आठ सूत; मूर्ती अडीच सूत जास्त उंच झाली होती.